कंपनीचं घर पाहायला गेलो तेव्हा

माझ्या मुलीच्या नोकरीच्या मुलाखतीला आम्ही घरची पाच माणसं आणि केळीचा एक घड असे गेलो होतो. त्यातली निवड एकीचीच झाली. बाकीच्यांना परत पाठवण्यात आलं, घडासकट.

आता कुणी विचारेल, मुलाखतीला घड कशाला? आणि घडाचं सोडा, बाप तरी कशाला? हाच प्रश्न माझ्या मुलीने, तेजूने, त्या दिवशी मला नुसत्या डोळ्यांनी विचारला होता. (पुढे तोंडानेही विचारला. अजून विचारते.) तेव्हा एकदाचं सगळं सांगूनच टाकतो.

तेजू केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. झाली तेव्हा आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत आनंदापेक्षा गोंधळच जास्त झाला. आमच्या कॉलनीला डॉक्टर कळतो, इंजिनिअर कळतो, तलाठी तर फारच चांगला कळतो. पण एम.एस्सी. केमिस्ट्री? समोरचे चौधरी पेढा तोंडात टाकून म्हणाले, "वा वा! मग आता मेडिकल टाकून देताय का पोरीला?"

"मेडिकल नाही हो. ते फार्मसीवाले."

"मग ही काय विकणार?"

तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट गच्चीवर वाळत पडला की संध्याकाळी दोन-तीन माणसं तरी दारात यायची. कुणाचा गुडघा, कुणाचं बीपी! एका काकूंनी तर सरळ जीभ बाहेर काढून दाखवली. तेजू बिचारी हात जोडून सांगायची, "काकू, मी माणसं नाही तपासत, मी पदार्थ तपासते." त्यावर काकू जीभ आत घेऊन म्हणाल्या, "मग आमच्या दुधाचं तरी बघ बाई."

आणि तिने बघितलं! घरात नवीन गोष्ट आली की पोरगी ती आधी उजेडात धरते, मग हुंगते, मग माझ्याकडे बघून म्हणते, "पप्पा, हे कुठून आणलंत?" त्या 'कुठून'मध्ये असा काही दम असतो की पाटबंधारे खात्यात सारं आयुष्य 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' लिहिण्यात काढलेला मी सरळ उभा राहतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाकीची मुलं जेवायला गेली तरी ही नळीतून पडणारा एकेक थेंब बघत बसायची, असं तिच्या सरांनीच मला सांगितलं होतं. रंग बदलतो तो नेमका थेंब हिला पकडायचा असायचा. मला तर कधी कधी बायकोचा रंग बदललेलासुद्धा उशिरा कळतो.

सल्ल्यांचा मात्र पाऊस पडला. कुणी म्हणे बी.एड. करा, शाळा मिळेल. कुणी म्हणे पीएच.डी. करा, कॉलेज मिळेल. माझ्या ऑफिसातल्या एकाने आवाज खाली आणून सुचवलं, "वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात बघा ना. केमिस्ट्री म्हणजे स्फोटच की!" हे ऐकून माझी बायको सुनंदा दोन दिवस तेजूला गॅसची शेगडीसुद्धा पेटवू देईना.

आणि मग सगळ्यात मोठा सल्ला आला. म्हणजे आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. यावलकडे गावी राहतात, केळी करतात, आणि आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो. आम्ही आधी कितीही बोललो तरी चालतं, शेवटचा त्यांचा. त्यांनी खाटेवर बसून नातीला समोर बोलावलं.

"तेजू, मले एक सांग माय. हे शिकून तू करशीन काय?"

मला वाटलं, पोरगी आता गडबडणार. कसली गडबडते!

"आबा, दीपनगरला वीज तयार होते ना? तिथे बॉयलरमध्ये जायच्या आधी पाणी कोण तपासतं? केमिस्ट. तुमच्या शेतातली माती तपासायला देता, ती कोण तपासतं? केमिस्ट. ठिबकची नळी उन्हात तडकू नये म्हणून तिच्या प्लास्टिकचं काम कोण बघतं? केमिस्ट. रंगाच्या कारखान्यात, तेलाच्या गिरणीत, मसाल्यात, साबणात, पोलिसांच्या प्रयोगशाळेत, सगळीकडे आमचं माणूस असतं आबा. फक्त ते आत बसलेलं असतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

 आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुले माहीत व्हतं?"

"हो तर!" मी म्हणालो. (काडीचंही माहीत नव्हतं.)

पंधरवड्यातच तेजूला धुळ्याहून बोलावणं आलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या प्रयोगशाळेत एक जागा होती, एकच. लेखी परीक्षेत तेजू पास झाली होती, आता शेवटची मुलाखत. त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला हीच नोकरी हवीय. शिकवायला मला आवडेल, पण पुढे. जे शिकवायचं ते आधी मला स्वतःच्या हाताने करून बघायचंय. आबांना तेवढं सांभाळा." पोरीने आजवर माझ्याकडे मोबाइलसुद्धा हट्टाने मागितला नव्हता. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आबांचं माझ्यावर सोड!"

इथेच घोळ झाला. लोकांनी माझ्यावर काही सोडू नये.

आबांना मी गावी फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरगी धुय्याले राह्यीन. बरं. मंग कंपनी पाह्यली का कोनी?"

"पाहिली म्हणजे?"

"म्हंजे घर पाह्यलं का? अरे, पोरगी द्याची म्हने, अन् घर पाह्यलं नही!"

आता आमच्याकडचं घर पाहणं काय असतं ते सांगायला हवं. मुलगी द्यायच्या आधी आमची वडीलधारी माणसं मुलाच्या घरी जाऊन येतात. नवरा मुलगा नंतर, आधी घर. आणि या कामात आबांचा हात धरणारा सबंध तालुक्यात नाही. त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. पुढच्या दाराने ते घरात शिरतच नाहीत! "पुढचं आंगन पाव्हन्यासाठी झाडेल रायते," असं म्हणून ते वळसा घालून परसदारी जातात. तिथे पाणी कुठून येतं, मोरी कशी आहे, भांडी कोण घासतं, गुरांच्या पाठी कशा आहेत, सगळं बघतात. मग पुढे येऊन चहा घेतात. आणि निकाल देताना नातंगोतं बघत नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या मुलाला त्यांनी माझ्या बहिणीसाठी नापास केलं होतं. मेहुणा वर्षभर बोलत नव्हता, आबांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"आबा, ही नोकरी आहे. लग्न नाही," मी म्हणालो.

"लग्नात पोरीच्या आजूबाजूले चार मानसं तरी आपली रायतात. इथं कोन हाये? घर पाह्यल्याबिगर मी पोरगी देत नही."

फोन ठेवला, आणि मी माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम मसुदा तयार केला. तेजूला सांगितलं, "आबा तुला फक्त गेटपर्यंत सोडतील, मग आम्ही अक्काकडे जेवायला जाऊ." आबांना सांगितलं, "कंपनीने तुम्हाला बोलावलंय." दोन्हीकडे समाधान! कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकलेली प्रकरणं मी अशीच निकाली काढायला हवी होती, असंही मला वाटून गेलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दारात क्रूझर उभी राहिली. तेजू बॅग घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. मागच्या सीटवर आबांच्या शेजारी केळीचा एक आख्खा घड बसला होता! वरच्या फण्या पिवळ्या, खालच्या हिरव्या, कापलेल्या दांड्यातून अजून चीक गळतोय.

"पप्पा, हे काय?"

"अक्काला," मी पटकन म्हणालो.

"अक्काले काहून?" आबा म्हणाले. "पोरीच्या घरी काय मोकया हातानं जातात का?"

सुदैवाने तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. एरंडोल, पारोळा सगळं मागे पडलं. तेजू सबंध रस्ताभर कसलेसे आलेख बघत होती आणि सुनंदा तिच्या पदराला आणि माझ्या पँटला घड लागू नये म्हणून वर्तमानपत्रं खुपसत होती. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा जातो, डाग राहतो. तेजूने म्हणे कॉलेजात त्यावर पण काहीतरी करून पाहिलं होतं. डाग जिंकला होता.

धुळ्यात देवपुरात माझी मोठी बहीण अक्का राहते. तिला घ्यायला थांबलो. लग्नानंतर धुळ्यात राहून ती पक्की अहिराणी बोलायला लागली आहे. ती गाडीत बसता बसताच म्हणाली, "बायकास्नं मी पाही लेसू. तुमी गडीमाणसं बाकीनं पहा."

"अक्का, तिथे कुणी काही पाहायचं नाहीये," तेजू घाबरून म्हणाली.

"तू चूप बस. नवरी कधी बोलस का?"

कंपनीच्या पुढच्या गेटवर तेजू उतरली. आबांच्या पाया पडली, आईच्या, अक्काच्या, माझ्या. माझ्याजवळ आल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, आता जा हं तुम्ही. प्लीज." आणि ती आत गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. लहानपणी शाळेच्या गेटातून आत जाताना ही अशीच मागे वळून न बघता जायची, रडायचो मी!

डोळे पुसून वळतो तर आबा टोपी नीट करून गाडीतून उतरलेले.

"चाल. घड घे."

"आबा, आपण आधी अक्काकडे जेवून..."

"कंपनीनं बलावलं म्हने ना मले?"

झालं! आता काय बोलणार? मी घड खांद्यावर घेतला. माझ्या नव्या पांढऱ्या शर्टाचा त्या क्षणी कायमचा निकाल लागला.

वॉचमनने आम्हाला बघितलं. पुढे पांढरी टोपी, मागे नऊवारीतली अक्का, मग सुनंदा, आणि सगळ्यात मागे घडाखाली मी. तो अदबीने म्हणाला, "काय काम शे, आबा?"

"घर पाह्याले आलो."

वॉचमनने घडाकडे बघितलं. मनाशी काहीतरी हिशेब लावला आणि म्हणाला, "कॅन्टीनना माल शे ना? मंग आठून नई. मांगना गेटवर जा. माल बठ्ठा तठूनच जास."

मागचं दार! आबांचा चेहरा जो काही फुलला! "पाह्यलं?" ते मला म्हणाले, "घर चांगलं दिसते. मागून या म्हने सोता!"

मागच्या गेटवर गोदामाचा एक माणूस होता. हे गृहस्थ नियमाचे इतके पक्के की मला आमच्या खात्याची आठवण येऊन गहिवरून आलं. तो म्हणाला, "या गेटाने जे आत येईल त्याला आधी पिवळी चिठ्ठी लागते. लॅबने तपासून पास केलं तर हिरवी. नापास केलं तर लाल. चिठ्ठीशिवाय काही पुढे सरकत नाही."

"अहो पण ही केळी आहेत!" मी म्हणालो.

"मी कुठे नाही म्हणतो?" असं म्हणत त्याने घडाला पिवळी चिठ्ठी डकवली आणि लॅबला फोन लावला, "सर, एक नग आलाय. कॅन्टीनचा म्हणतात. केळी. हो, केळी. सोबत माणसं आहेत."

तोवर आबांनी काम सुरूही केलं होतं. "पानी कुठलं? बोरिंगचं का नयाचं? अन् वापरेल पानी कुठी सोडतात?" गोदामवाल्याने सांडपाणी स्वच्छ करायच्या टाक्या दाखवल्या. आबांनी त्या वाकून बघितल्या. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर कंपनीने झाडं जगवली होती. आबांनी एका झाडाचं पान उलटं करून पाहिलं, देठ दाबला आणि 'हं' केलं. आबांचा 'हं' म्हणजे विद्यापीठाची पहिली श्रेणी समजावी.

इतक्यात माझ्या लक्षात आलं की अक्का नाहीये! सुनंदा धावली. दोघीही कामगार बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या आणि त्यांच्या मागोमाग कंपनीच्या वाघ मॅडम. माणसांच्या भरतीचं काम यांच्याकडेच होतं.

"आठे बायका कितल्या शेतीस?" अक्काची चौकशी चालूच होती. "रातपाळी ऱ्हास का? मंग पोरले घर कोन सोडस? अन् संडासनी कडी आतून नीट बसस नई, ती दुरुस्त करी ल्या."

वाघ मॅडम थक्क. "तुम्ही कुणाकडून आलात?"

माझ्या डोळ्यांपुढे ती एकच जागा उभी राहिली. तेजूचा चेहरा उभा राहिला. मी घाईघाईने म्हणालो, "कुणाकडूनच नाही! आम्ही असेच, रस्ता चुकलो."

"आमनी तेजूकडून!" अक्काने त्याच वेळी ठणकावून सांगितलं. "आत मुलाखतले बठेल शे ती!"

संपलं, मी मनात म्हणालो. पोरीची सगळी वर्षं, ते थेंब बघत बसणं, सगळं माझ्या एका मसुद्याने बुडवलं.  घड नसता तर मी खाली बसलोच असतो, पण घड गुडघ्यांना टेकवून धरला होता, त्याने आधार दिला.

आणि समोरच्या दारातून प्रयोगशाळेचे प्रमुख शिरसाठ सर आले. त्यांच्या मागे पांढरा कोट, डोळ्यांवर लॅबचा मोठा चष्मा घातलेली आमची तेजू! तिने आम्हाला बघितलं. आधी आबांना, मग आईला, अक्काला, घडाला आणि शेवटी मला. मघाशी म्हटलं ना, डोळ्यांनी विचारलं? ते हेच.

"तुमची मुलाखत चाललीच होती," शिरसाठ सर तिला म्हणाले, "तेवढ्यात फोन आला. म्हटलं, पुस्तकातलं पुरे झालं. हा माल आलाय, पिवळी चिठ्ठी लागलीय. समजा आज लॅब तुमच्या ताब्यात आहे. पास की नापास?"

  मी तेजूकडे बघत मान हलवत होतो. पास म्हण, बाई! आबा समोर उभे आहेत. त्यांनी बागेतला सगळ्यात देखणा घड निवडून आणलाय. पास म्हण आणि मोकळी हो!

तेजू म्हणाली, "सर, आधी एक सांगते. हे माझे आजोबा आहेत आणि हा घड त्यांच्या बागेतला आहे."

"तो अंदाज आला मला. पुढे?"

"माल नापास, सर."

अक्काने 'ओ माय' केलं. सुनंदाने माझा दंड धरला.

"काय वाईट आहे त्यात?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही. हा माल उत्तम आहे, मला माहीत आहे. हीच केळी खाऊन मी मोठी झालेय." तिचा आवाज जरा हलला, पण ती थांबली नाही. "पण मला माहीत आहे म्हणून पास करायचं नसतं. हा माल कुणी मागवला, त्याचा कागद नाही. कॅन्टीनचा माल म्हणून आला आणि आला लॅबच्या तपासणीला. खायची वस्तू इथे आत येता कामा नये. आज आजोबांचा घड पास केला, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या आजोबांचा पिंप पास करावा लागेल. आणि त्या पिंपाचं औषध कुणीतरी पेशंट घेणार असतो."

एवढं बोलून तिने गोदामवाल्याकडून लाल चिठ्ठी घेतली आणि आबांच्या डोळ्यांदेखत पिवळीवर चिकटवली. मग चष्मा वर करून म्हणाली, "आबा, रागावू नका."

मी आबांकडे बघायचं धाडसच केलं नाही. मी चपलांकडे बघत होतो. आबांनी नापास केलेली माणसं मी पाहिली होती, पण आबांना कुणी नापास केलेलं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आबा हळूहळू पुढे गेले. चिठ्ठी नीट चिकटली आहे ना, ते अंगठ्याने दाबून पाहिलं. कोपरा सुटला होता, तो बसवला. मग शिरसाठ सरांकडे वळून म्हणाले, "साहेब, लय घरं पाह्यली म्या. पन जिथं नात आजाले नापास करते अन् तिले कोनी दटावत नही, असं घर पयल्यांदा पाह्यलं." आणि मग टोपी काढून, हो, टोपी काढून, म्हणाले, "पोरगी दिली तुमाले. सांभाया."

शिरसाठ सर हसले नाहीत. त्यांनी आबांना हात जोडले. "आबा, ती आम्हाला मिळतेय हे आमचं नशीब. आणखी दोघांची मुलाखत व्हायचीय, तेव्हा नियमाने आज मला काही सांगता येत नाही. पण तुम्ही चहा घेऊनच जा."

"च्या मंग पुढच्या दारानं घेऊ," आबा म्हणाले. त्यांच्या लेखी सोयरीक पक्की झाली होती.

वाघ मॅडम अक्काला बाजूला घेऊन म्हणत होत्या, "मावशी, मी इथे इतकी वर्षं आहे. मी लागले तेव्हा माझ्या घरून असं कुणी बघायला आलं नव्हतं." अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कडीची पुन्हा आठवण केली.

तेजू तेव्हा पुन्हा आत गेली होती. जाताना पहिल्यांदाच मागे वळून बघितलं तिने. काय सांगू, त्या जाड चष्म्याआडून पोरगी असं हसली की माझा शर्ट, माझी फजिती, माझे सगळे मसुदे, सगळं वसूल झालं. मला केमिस्ट्री अजून कळत नाही. पण आपल्याला जे आवडतं तेसुद्धा तपासल्याशिवाय पास करायचं नाही, हे ज्या विद्येत शिकवतात तिला मी उभ्याने नमस्कार करतो.

नापास झालेला घड मीच खांद्यावर टाकून गाडीत आणला. संध्याकाळी अक्काला देवपुरात सोडून, तेजूला घेऊन परत निघालो. पारोळ्याच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्या घडावर ताव मारला, तेजूने सगळ्यात जास्त. तिथली माणसं माझ्याकडे बघून गालात हसत होती. मला वाटलं, मुलीच्या कर्तृत्वाचं तेज बापाच्या तोंडावर आलं असणार. मीही त्यांच्याकडे बघून हसलो. एकाला तर मी केळंही दिलं.

पिंप्राळ्यात गाडीतून उतरलो. चौधरी फाटकातच उभे होते. मी त्यांना पाठमोरा होऊन उरलेला घड उतरवू लागलो, तर ते मोठ्याने वाचू लागले, "रि-जे-क्टे-ड!"

शर्ट काढून बघितला. ती लाल चिठ्ठी घडावरून सुटून उलटली होती आणि चिकाने माझ्या पाठीवर पक्की बसली होती. धुळ्यापासून इथपर्यंत!

"अगं, तू माझ्या मागेच होतीस ना?" मी सुनंदावर ओरडलो. "दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," सुनंदा म्हणाली, "तुम्ही गाडीत चढल्यापासून दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तेजूने तपासूनच लावली असेल."

तेजू आता धुळ्यात त्या प्रयोगशाळेत असते. अक्काच्या हातचं जेवते, अवघड अवघड नावाचे पदार्थ पास-नापास करते, आणि गोदामवाला म्हणे तिच्या सहीला वचकून असतो. बायकांच्या खोलीची कडी दुरुस्त झाली आहे. आणि तो शर्ट मी अजून ठेवला आहे. चिठ्ठी निघाली, पण तिच्याखालचा चिकाचा डाग काही गेला नाही. सुट्टीत आली तेव्हा तेजूने तो उजेडात धरून बघितला, हुंगला, आणि निकाल दिला, "पप्पा, ह्यावर उपाय नाही." ती हे डागाबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, ते विचारायचं मी टाळलं.